सुपे ते सहकार : कर्जाच्या कायद्याची संथ वाटचाल

आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत, कपाटात म्हणा किंवा आजीच्या ट्रंकेत म्हणा, एखाद्या पतपेढीचे वा बँकेचे पासबुक असतेच. कर्ज किती उचलले, हप्ते किती फेडले, बाकी किती राहिली, हे त्या लहानशा वहीत नोंदलेले असते; आणि ते तसे असावे यात कोणालाही काही विशेष वाटत नाही. परंतु ऋणकोच्या हाती त्याच्या कर्जाचा लेखी हिशेब असला पाहिजे, हा हक्क दख्खनच्या शेतकऱ्याला कायद्याने मिळाला तो 1879 साली. त्याच्या चार वर्षे आधी पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज रस्त्यावर आणून जाळले होते, आणि त्या होळीच्याही दहा वर्षे आधी मुंबईच्या शेअर बाजाराचे दिवाळे वाजले होते. आर्थिक अरिष्ट एका दिवसात कोसळते. त्यातून निघणारे कायदे आणि संस्था मात्र किती सावकाश, किती ठेचा खात घडत जातात, हे या घटनामालिकेत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. म्हणून ती मालिका वाचकांपुढे थोड्या विस्ताराने ठेवावी असे आम्हांला वाटते.

प्रारंभ होतो तो सातासमुद्रांपलीकडे. 1861 साली अमेरिकेत उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो बंद पडताच लँकेशायरची नजर हिंदुस्थानकडे वळली, आणि 1862 पर्यंत ब्रिटनच्या आयात कापसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. त्या पैशाचे करायचे काय, हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर कंपन्यांच्या रूपाने मिळाले. रोज नवी बँक, रोज नवी भरावाची योजना. बॅकबेचा समुद्र बुजवू पाहणाऱ्या कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या घरात विकला जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या खेळाचे सूत्रधार. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. 1840 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेवरील जुने निर्बंध 1863 साली सैल करण्यात आले होते, आणि ही बँक शेअर तारण घेऊन मुक्तहस्ते कर्जे देत होती.

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईत पोहोचली आणि कापसाचे भाव कोसळले. वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता 1 जुलै 1865. त्या दिवशी कोणाला कोणाचे देणे फेडता येईना. बँक ऑफ बॉम्बे कशीबशी तग धरून राहिली आणि 1868 साली बुडाली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक काढण्यात आली, चौकशी आयोग बसला आणि बँकेने कशावर कर्ज द्यावे व कशावर देऊ नये याचे नियम पुन्हा आवळले गेले. शहराच्या दुखण्यावर अशा रीतीने तीन वर्षांत मलमपट्टी झाली. खेड्याच्या दुखण्याला किती काळ लागला, ते पुढे पाहू.

तेजीच्या काळात पतपुरवठ्याची एक साखळी तयार झाली होती. मुंबईचा निर्यातदार शहरातील सावकाराला रक्कम आगाऊ देई, तो तालुक्याच्या सावकाराला आणि तालुक्याचा सावकार गावच्या वाण्याला. शेवटी ती रक्कम शेतकऱ्याच्या पदरात पडे. भाव पडताच ही साखळी वरून खाली आखडत आली. नेमक्या त्याच सुमारास, 1867 साली, इंदापूर तालुक्यात तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून फेरपाहणी सुरू झाली आणि तेजीच्या भावांवर नजर ठेवून सारा वाढवण्यात आला. ही वाढ एवढी भरमसाट होती की 1874 साली सरकारलाच मर्यादा घालावी लागली: संपूर्ण तालुक्यावर 33 टक्के, एका गावावर 66 टक्के आणि एका खातेदारावर 100 टक्के, याहून अधिक वाढ करू नये. दुपटीपर्यंतची वाढ ही जिथे ‘मर्यादा’ ठरते, तिथे मूळ आकडे कसे असतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

भरीस भर म्हणजे कायदा. आपल्या जुन्या परंपरेत दामदुप्पट नावाचा एक शहाणा नियम होता: व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये. 1855 साली सरकारने व्याजावरील कायदेशीर निर्बंध उठवले. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचा अंमल तीन वर्षांपुरता ठरवला. हेतू चांगला होता. व्याज फार साचू नये, असा. झाले मात्र उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाकडून नवा रोखा लिहून घेई, जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल बनून बसे आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. दामदुप्पट अशा रीतीने कागदावरच्या कागदावर जिरून गेली. पुढे नेमलेल्या आयोगाला असे एक प्रकरण आढळले की 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज आकारलेले होते. शेतकऱ्याला वाचता येत नसे. अंगठा तेवढा उठवता येई. हिशेबाचा एकच कागद होता आणि तो सावकाराच्या घरी होता.

सावकार म्हणजे कोणी राक्षस होता असे आम्ही म्हणत नाही. साऱ्याचा हप्ता भरायला, बियाणे घ्यायला, लेकीच्या लग्नाला गावात दुसरे दार नव्हते, आणि सावकाराच्या पाठीशीही मुंबईचे तगादे लागले होतेच. पण दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हाती असलेला माणूस आणि पूर्वीचा गावकीला भिऊन वागणारा वाणी, यांत महदंतर पडले होते.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले. त्यांनी सावकारांची दुकाने व घरे लुटली, आणि वह्या, रोखे, हुकूमनामे मागून घेऊन त्यांची होळी केली. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. तीसहून अधिक गावे त्यात सापडली आणि नऊशेहून अधिक माणसांना अटक झाली. सरकारी अधिकाऱ्यांना एका गोष्टीचे नवल वाटले: माणसांवर हात असा फारसा उगारला गेला नाही. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुधा तो सुखरूप सुटला. शेतकऱ्यांचा रोख कागदावर होता. निरक्षर माणसाने कागदाची शक्ती इतकी अचूक ओळखावी, ही बाब आम्हांला आजही विचार करायला लावते.

1857 ची आठवण ताजी होती, सरकार हादरले. आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. अहवालाने सावकारीचे चित्र तपशिलाने रेखाटले. सरकारचा सारा हे मात्र दंग्याचे कारण नव्हे असा निर्वाळा दिला. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांचे मत निराळे पडले. साऱ्याची ताठर पद्धतही दोषी आहे असे त्यांचे म्हणणे होते. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण पुढील पंचवीस वर्षांचे सारे उपाय सावकाराला वेसण घालण्याभोवतीच का फिरत राहिले, याचे मूळ येथे आहे. आणि अहवालाची पाने लिहिली जात असतानाच, 1876 ते 1878 या काळात, दख्खनवर महादुष्काळ कोसळला. ज्यांच्यासाठी चौकशी चालली होती, त्यांतील कित्येक तिचा निकाल पाहायला उरले नाहीत.

1879 चा दख्खन शेतकरी साह्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या काळाच्या मानाने तो धाडसी होता. न्यायाधीशाने रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या उगमापर्यंत जावे आणि मुद्दल किती, व्याज किती, हे स्वतः तपासावे. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. रोखे गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत. दावा लावण्यापूर्वी तडजोडीचा यत्न व्हावा. आणि ऋणकोला पावती, हिशेब व पासबुक मिळावे. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून अनेक वर्षे काम केले, आणि 1893 साली ते उच्च न्यायालयात गेले.

कायदा चांगला, अंमलबजावणीही सर्वस्वी वाईट नव्हे. तरी काय झाले? न्यायालय गहाणखताच्या पोटात शिरून पाहते हे ध्यानात येताच सावकाराने गहाणखत लिहून घेणेच सोडले. तो म्हणू लागला, ‘खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत करीन.’ हा शब्द तोंडी, आणि विक्री मात्र लेखी! पूर्वी जी जमीन गहाण राहून केव्हातरी सुटण्याची आशा होती, ती आता पहिल्याच दिवशी नावावरून जाऊ लागली. मग कायद्यात दुरुस्ती झाली: खरेदीखत हे वस्तुतः गहाण आहे, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करता येईल. झाले, त्यावर प्रामाणिक धनकोही कर्ज देताना कचरू लागले. एक छिद्र बुजवावे तो दुसरे पडावे, असा हा प्रकार होता. आमच्या मते दोष कायद्याच्या कलमांत नव्हता. कायद्याने एक दार अरुंद केले; ठोठावायला दुसरे दार मात्र कोणी बांधले नाही. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला पैसा हवाच असतो, मग कायदा काहीही म्हणो.

दुसरे दार बांधण्याची कल्पना त्या वेळी कोणाला सुचली नाही असे नाही. सर विल्यम वेडरबर्न आणि पुण्यातील रानडे प्रभृती मंडळींनी पुरंदर तालुक्यात प्रयोग म्हणून एक शेतकी बँक काढण्याची योजना आखली होती. जुनी कर्जे सरकारने एकदा निवारावीत आणि पुढे बँकेने वाजवी व्याजाने कर्ज द्यावे, असे तिचे स्वरूप होते. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली आणि 1884 साली लंडनला पाठवली. भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. दरम्यान 1883 व 1884 च्या कायद्यांनी सरकारी तगाईची सोय झाली. पण तगाईसाठी मारावे लागणारे हेलपाटे आणि वसुलीचा कडकपणा यांमुळे ती शेतकऱ्याला कधी आपलीशी वाटली नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुल्यांच्या डोळ्यांपुढे हेच 1883 चे खेडे होते. पुरंदरचा प्रयोग झाला असता तर? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. एवढे मात्र खरे की त्या नकाराने वीस वर्षे गेली, आणि त्या वीस वर्षांत छप्पन्नचा दुष्काळ येऊन गेला.

सरकारच्या या मंदगतीला हसण्यापूर्वी आपण आपल्या घरातही डोकावावे. व्याज घेणे हे पाप, ही ख्रिस्तसभेची शतकानुशतकांची शिकवण. गरिबाचा कळवळा हेच तिचे मूळ होते. पण नुसत्या निषेधाने गरिबाची गरज भागत नव्हती. इटलीत फ्रान्सिस्कन बंधूंनी 1462 साली पेरुजा येथे गरिबांसाठी तारण-पेढी काढली आणि खर्चापुरते अल्प व्याज घेतले. त्यावर अर्धशतक वाद माजला. शेवटी 1515 साली पाचव्या लॅटरन महासभेत पोप दहावे लिओ यांनी त्या पेढ्यांना मान्यता दिली. निषेधाकडून संस्थेकडे येण्याचा प्रवास रोमलाही सोपा गेला नाही.

दख्खनच्या प्रश्नाचे उत्तर अखेर आले ते जर्मनीहून. 1846-47 च्या उपासमारीत फ्रीडरिश रायफायझेन हा एका खेड्याचा नगरप्रमुख होता. धनिकांकडून वर्गणी गोळा करून त्याने गरिबांना भाकरी पुरवली. दान आटते, हे त्याला अनुभवाने कळले, आणि 1864 साली त्याने शेतकऱ्यांचीच पतपेढी उभी केली. अरिष्ट आणि संस्था यांत तिथेही सतरा वर्षे गेली. त्याची युक्ती साधी होती. एका गावचीच माणसे सभासद. प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद. एकाने कर्ज बुडवले तर सर्वांना भरावे लागणार, म्हणून कोणाला किती द्यावे हे शेजारीच ठरवणार. कोणाची विहीर आटली, कोण दारूच्या आहारी गेला, हे शेजाऱ्याइतके कोणत्या न्यायाधीशाला ठाऊक असते? रायफायझेन प्रोटेस्टंट होता. इटलीतील पहिली अशी पेढी 1883 साली लोरेज्जा येथे लिओने वोलेम्बोर्ग या यहुदी गृहस्थाने काढली, आणि 1890 साली व्हेनिसजवळच्या गंबरारे येथे लुइजी चेरुत्ती या कॅथॉलिक धर्मगुरूने. पुढल्याच वर्षी ‘रेरुम नोव्हारुम’ हे पोप तेरावे लिओ यांचे परिपत्रक निघाले, आणि अशा पेढ्या धर्मग्रामांच्या आश्रयाने झपाट्याने वाढल्या.

मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना याच संस्थांचा अभ्यास करण्यास सांगितले होते. त्यांचे अहवाल 1895 व 1897 साली आले. त्यांचा इत्यर्थ असा की कायदा हवा तो हवाच, पण रायफायझेनसारखा माणूस आधी शोधा. मुंबई इलाख्यात मात्र सरकार अजून जुन्याच वाटेने चालले होते. 1901 साली, सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना विक्रीचा हक्क काढून घेण्याचे विधेयक आले. जमीन सावकाराकडे जाऊ नये, हा हेतू. फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ते सभागृहातून उठून गेले. विक्रीचा हक्क नाही म्हणजे पत नाही, आणि पत नाही म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्याला आणखी एक फास, हे त्यांचे म्हणणे आज वाचतानाही पटते.

शेवटी 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दहा माणसांनी एकत्र यावे आणि संस्था नोंदवावी. ग्रामीण संस्थेत चार-पंचमांश सभासद शेतकरी असावेत आणि जबाबदारी अमर्याद असावी. 1905 साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी मुंबई इलाख्यातील पहिली संस्था नोंदली गेली. सुप्याच्या होळीला तीस वर्षे झाली होती. मुंबईच्या दिवाळ्याला चाळीस. 1911 साली विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या यत्नाने या संस्थांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती बँक मुंबईत निघाली, आणि 1912 च्या कायद्याने कर्जाखेरीज अन्य कामांसाठीही संस्था काढण्याची मुभा मिळाली.

या कायद्याचे बोट धरून आपल्या लोकांनीही काही उभारले. छोटा नागपूरमध्ये जमीनदार व सावकार यांच्या कात्रीत सापडलेल्या आदिवासींसाठी येशूसंघीय फादर योहान हॉफमन यांनी 1909 साली कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापली. त्याआधी, 1908 च्या तेथील कूळकायद्यात आदिवासींच्या जमिनीला जे संरक्षण मिळाले, त्यातही त्यांचा हात होता. दार अरुंद करणारा कायदा आणि दुसरे दार उघडणारी संस्था, ही दोन्ही कामे एकाच माणसाने एका वर्षाच्या अंतराने केली, यात त्यांचे मोठेपण आहे. ते जर्मन असल्यामुळे महायुद्धात, 1915 साली, त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. आपल्या वसईत 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने जी संस्था निघाली, तीच पुढे बेसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली.

तथापि कायदा झाला म्हणजे काम झाले, असे समजण्याचे कारण नाही. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि पतसंस्थांची थकबाकी साचली. 1951-52 साली रिझर्व्ह बँकेच्या वतीने 75 जिल्ह्यांतील 600 खेड्यांची पाहणी झाली. तेव्हा असे दिसले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा 3.1 टक्के होता, आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के. पन्नास वर्षांचा खटाटोप, आणि शंभरात तीन रुपये! गोरवाला समितीने 1954 च्या अहवालात हे अपयश मोकळेपणाने मान्य केले, परंतु सहकाराचा मार्ग सोडू नये असेच सांगितले. सरकारने भागभांडवल घालावे आणि इंपीरियल बँक ताब्यात घेऊन खेड्यांत शाखा काढाव्यात, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार स्टेट बँक अस्तित्वात आली ती 1 जुलै 1955 रोजी. 1868 साली नव्याने उभी केलेली बँक ऑफ बॉम्बे 1921 साली अन्य दोन बँकांसह इंपीरियल बँकेत विलीन झाली होती. म्हणजे 1 जुलै 1865 च्या दिवाळ्यातून उरलेली पेढी, बरोबर नव्वद वर्षांनी, त्याच तारखेला खेड्याची वाट चालू लागली. हा निव्वळ योगायोग आहे. पण मोठा बोलका.

ज्या नगर जिल्ह्यात वह्या जळल्या, त्याच जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने 1950 साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना चालू केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पुढे त्याच चळवळीत शिरलेल्या राजकारणाविषयीही कमी लिहिले गेलेले नाही. अमर्याद जबाबदारीची अट गेली. शेजाऱ्याची नजर जाऊन पुढाऱ्याची मर्जी आली. कर्जमाफी 2008 साली देशभर झाली, आणि महाराष्ट्रात 2017 व 2019 साली पुन्हा झाली. माफी बँकेचे कर्ज पुसते, सावकाराकडील नाही.

म्हणूनच विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सावकारीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणल्यानंतर, 1946 चा मुंबई सावकारी कायदा बाजूला सारून महाराष्ट्राने 2014 साली नवा सावकारी नियमन कायदा केला. सावकाराने कर्जाचे तारण म्हणून जमीन खरेदीखताने लिहून घेतली असल्याचे चौकशीत आढळले, तर ते खरेदीखत रद्दबातल ठरवून जमीन मूळ मालकास वा त्याच्या वारसास परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास त्यात आहे. अर्ज येतो, दोन्ही पक्ष हजर होतात, आणि निबंधकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच की समोरचा कागद विक्रीचा आहे की गहाणाचा.